कावळा शिवेपर्यंत काय बोलायचं?

पितृपक्ष तोंडावर आला की पिंडाला कावळा शिवण्याचा वाद आपल्या कोल्हापुरात दर वर्षी नव्यानं उकरला जातो. एका बाजूला अंधश्रद्धाविरोधी चळवळीतली मंडळी: कावळा हा पक्षी आहे, भूक असली की खातो, पोट भरलेलं असलं की खात नाही, त्याच्या चोचीला मेलेल्या माणसाचा आत्मा बांधणं हा अडाणीपणा आहे. दुसऱ्या बाजूला 'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणारे: कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय वडा-पिंपळाचं बी रुजत नाही, म्हणून ऋषिमुनींनी कावळ्याला जेवू घालायला सांगितलं. दोन्हीकडून आवाज चढतो, व्हॉट्सअॅपवर त्याच त्या चार ओळी फिरतात आणि सर्वपित्री अमावस्या झाली की सगळे वर्षभर गप्प. माझं म्हणणं असं की दोघंही कावळ्याकडे बघत बसलेत. जे घडतं ते कावळ्याच्या अलीकडे, नैवेद्याभोवती उभ्या असलेल्या माणसांत घडतं. कावळ्याला मृताची इच्छा कळते ही समजूत खोटी आहे, यावर मी वाद घालणार नाही. पण ती समजूत काय काम करते, कुणासाठी करते आणि कुणाच्या जिवावर करते, हे विचारल्याशिवाय ती टिकवा म्हणणं जितकं पोकळ, तितकंच मोडा म्हणणंही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. दहनासाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक दान करतात, होळीच्या दिवसांत 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून मंडळंच्या मंडळं ट्रॉल्या भरून आणतात. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. कोल्हापुरात लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं, रक्षाविसर्जनाला न जाणं लक्षात ठेवलं जातं. तिथं नैवेद्य मांडतात, आणि त्यात शास्त्रापेक्षा माणूस जास्त दिसतो: भात, भाजी-भाकरी, चहाचा कप, तंबाखूची पुडी, एखाद्याच्या बाबतीत बिडीचं बंडल, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या. मग सगळे मागं सरकून वर बघत उभे राहतात. कावळा पाच मिनिटांत आला तर 'सुखानं गेला माणूस'. नाही आला तर कुजबुज सुरू होते. काय राहिलं असंल? थोरला पुढं होतो, हात जोडतो, "आप्पा, धाकटीच्या लग्नाचं मी बगतो, काळजी करू नगा." कुणी म्हणतं, "म्हशी इकणार न्हाई." कुणी म्हणतं, "आईला मी माझ्याकडं नेतो." आणि पुष्कळदा, खरोखरच, त्यानंतर कावळा येतो. आजूबाजूला उभ्या असलेल्या कडव्या नास्तिकाच्याही अंगावर काटा येतो. तो कावळा का येतो, इथून खरं कोडं सुरू होतं.

कावळ्याची बाजू आधी संपवून टाकू, कारण ती सोपी आहे. कावळ्याच्या जातीचे पक्षी अतिशय हुशार आणि तितकेच संशयी असतात. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कल्लोळ करत. नवी वस्तू, अनोळखी चेहरे आणि आपल्यावर रोखलेल्या नजरा यांना हा पक्षी बिचकतो. आता घाटावरचं दृश्य आठवा. पन्नास माणसं कोंडाळं करून एका पत्रावळीकडे आणि झाडाकडे टक लावून उभी आहेत. कावळा कशाला उतरेल? मग कुणीतरी वचन देतं, हात जोडतं, मान खाली घालतं, दोन पावलं मागं येतं. बाकीचेही हात जोडतात, डोळे मिटतात. म्हणजे नेमक्या त्या क्षणी कावळ्यावरच्या नजरा हटतात आणि जागा मोकळी होते. शिवाय एकाच सकाळी पाच-सहा घरांची रक्षाविसर्जनं असली तर शेवटच्या घरापर्यंत कावळ्यांची पोटं तुडुंब झालेली असतात. ज्याचा नंबर उशिरा लागला त्याची इच्छा अपुरी राहिली, एवढाच काय तो हिशेब.

माणसाची बाजू अवघड आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1948 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना पेटीत ठेवून ठरावीक वेळानं दाणा मिळेल अशी सोय केली. कबुतरानं काहीही केलं तरी दाणा पडायचा. काही काळानं एक कबूतर गोल फिरू लागलं, दुसरं मान झटकू लागलं, जणू त्यामुळंच दाणा येतो. पुढं 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी त्या हालचालींचा अर्थ वेगळा लावला, तो वाद आजही मिटलेला नाही. पण घाटावर उभं राहिलं की त्या प्रयोगाची गंमत उलट्या अंगानं कळते: इथं पक्षी आपल्या मर्जीनं येतो आणि मान झटकत असतो तो माणूस. चार वचनं दिली गेली, चौथ्यानंतर कावळा आला, की पहिली तीन विसरली जातात आणि चौथं वचन हीच ती 'इच्छा' ठरते. वर गावात फिरते ती गोष्ट चौथ्या वचनाची. काहीही न बोलता कावळा आला, किंवा सगळं बोलूनही आला नाही, या गोष्टी कुणी चहाच्या टपरीवर रंगवून सांगत नाही. अशा निवडक गोष्टींचा पिढ्यान् पिढ्यांचा साठा म्हणजे अनुभव, आणि 'आम्ही डोळ्यांनी पाहिलंय' या वाक्यात खोटं बोलणारा कुणीच नसतो.

इथपर्यंत चळवळीतली मंडळी माझ्याबरोबर असतील. त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दाही मान्य करतो, आणि तो त्यांच्याहून फार जुना आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं मत नोंदवलं: इथं केलेल्या श्राद्धानं परलोकी गेलेल्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून देता? घरीच त्याच्या नावानं वाढा की! या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं, आज नाही. मग मला पुढचा प्रश्न पडतो. इतका बिनतोड युक्तिवाद सहाशे वर्षांहून अधिक काळ हाताशी असताना पत्रावळी मांडल्या जाणं थांबलं का नाही? 'लोक मूर्ख आहेत' हे उत्तर मला पुरत नाही. त्याच पत्रावळीमागं हिशेबतपासनीस उभे असतात, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक उभे असतात, आणि खासगीत विचारलं तर बहुतेक जण 'तसं काही नसतं हो' असंच म्हणतात. न मानणारीसुद्धा माणसं उन्हात तासभर उभी राहतात, तेव्हा युक्तिवाद चुकीच्या जागी आपटतोय असं समजावं. अन्न मृताला पोचतं का, हा प्रश्न घाटावर मुळात कुणी विचारलेलाच नसतो.

मग विचारलेला असतो तो कोणता? माणूस मेला की त्याच्याबरोबरचे व्यवहार अर्धे राहतात. उसने घेतलेले पैसे, न झालेलं भांडण, न मागितलेली माफी, लग्नाची पोरगी, कर्जाचा बोजा असलेला ऊस. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेनं अर्धवट सुटलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं मांडलं. तिचा तो नेमका निष्कर्ष नंतरच्या सगळ्या प्रयोगांत टिकला नाही, पण अपुरं काम मनात टोचत राहतं हे सांगायला कुणाला प्रयोगशाळा लागत नाही. 2011 मध्ये मॅसिकँपो आणि बॉमायस्टर या दोघांनी त्यात एक मोलाची भर घातली: काम पुरं झालं पाहिजे असं नाही, ते कसं आणि केव्हा करणार हे पक्कं ठरवलं, तरी त्याचं टोचणं बरंच थांबतं. आता "धाकटीच्या लग्नाचं मी बगतो" हे वाक्य पुन्हा वाचा. कोण करणार, काय करणार, हे ठरलं, चारचौघांच्या देखत ठरलं, आणि ज्याच्या समोर नाही म्हणता येत नाही अशा माणसाला सांगून ठरलं. अपुरी इच्छा आप्पांची होती की थोरल्याची, हे कावळ्याला माहीत नसतं. थोरल्याला मात्र मनातून माहीत असतं.

यावर विवेकवादी मित्र म्हणतात, आणि चांगलं म्हणतात, की यासाठी खोट्याचा आधार कशाला? शोकसभा घ्या, घरच्यांची बैठक बसवा, कागदावर लिहा. पटतं, फक्त शोकसभा पाहिलेल्या असल्यानं पूर्ण पटत नाही. कोल्हापुरात स्मशानातही भाषणं होतात, माइक असतो, 'तालमीचा आधारवड हरपला' असतं, आणि त्या भाषणांत धाकटीचं लग्न कुठंच नसतं. भाषण जमलेल्या लोकांसाठी असतं आणि ते केव्हा संपणार हे वक्त्याच्या हातात असतं. कावळ्याची वाट बघण्यात ती सोय नाही. केव्हा सुटका होईल हे कुणाच्याच हातात नसल्यामुळं घरातली माणसं आपसूक शोधू लागतात: काय राहिलं? कुणाशी बोलायचं राहिलं? एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ त्या अर्ध्या तासात डोकं लावून एकाच माणसाच्या मनाचा ठाव घेत असतात. 2020 आणि 2021 मध्ये कोविडनं हा अर्धा तास काढून घेतला. माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेली गेली, घरच्यांना लांबून नमस्कार करावा लागला. त्या काळात ज्यांची माणसं गेली त्यांच्याशी बोलून बघा. 'शेवटचं काही करता आलं नाही' हे वाक्य कर्मकांडाला नाकं मुरडणाऱ्यांच्या तोंडूनही येतं.

आणि विधी सांगणाऱ्यांनाही कावळ्याच्या निकालावर फारसा भरवसा नव्हता, याचा पुरावा विधीतच आहे. खूप वेळ कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करतात आणि त्याचा स्पर्श पिंडाला करून मोकळे होतात. परीक्षा खरी असती तर नापासाला हातानं पास करायची सोय कुणी ठेवली असती का? वाट बघायला लावायची, बोलतं करायचं, आणि माणसं अगदीच रडकुंडीला आली की सोडवायचं, एवढाच तो बेत. ज्यानं ही पळवाट घातली तो, माझ्या मते, माणसं ओळखणारा होता.

दुसऱ्या बाजूच्या वडा-पिंपळाच्या शास्त्राबद्दल थोडक्यात. वडाची-पिंपळाची फळं मैना, बुलबुल, तांबट, कोकीळ, वटवाघळं सगळेच खातात आणि बी पसरवतात. रोपवाटिकेत ही झाडं कावळ्याची शिफारस न घेता उगवतात. भाद्रपदात कावळिणीला पिलं असतात म्हणून खाऊ घालायचं, हेही सांगतात. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कोकीळ ओरडू लागतो उन्हाळ्यात, एवढं लक्षात घेतलं तरी कावळ्यांचा वीणीचा हंगाम केव्हा असतो ते कळतं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. बापाच्या आठवणीनं गलबलून घाटावर उभं राहणाऱ्याला वनखात्याची योजना राबवायला आलेला कर्मचारी करून टाकणं, हा त्या दुःखाचा अपमान आहे. चार्वाकानं निदान विधीला विधी समजून त्याची थट्टा केली होती.

ज्या शहरात 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहरात विवेकवाद्यांची चूक काढताना हात आखडतो. त्यांनी बोलायची किंमत मोजली आहे, आणि त्यांच्या विरोधकांनी ती वसूल केली आहे. म्हणूनच हे सांगणं मित्राचं म्हणून घ्यावं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचला तर त्याच्या अनुसूचीतले 12 प्रकार इजा, फसवणूक, भय आणि शोषण यांभोवती फिरतात. 'हे खरं आहे का?' असा प्रश्न तो कायदा श्रद्धेला विचारत नाही. 'यात कुणाचं नुकसान होतं?' असं विचारतो. तोच प्रश्न घेऊन घाटावर जाऊ या. कारण तिथं नुकसान होतं, आणि ते कावळ्याबद्दलच्या भाषणात कधीच येत नाही.

कावळा येत नाही तेव्हा फक्त वचनं दिली जात नाहीत, आरोपीही शोधले जातात. 'सुनेनं शेवटी शेवटी जेवायला नीट घातलं नाही' हे वाक्य त्या कुजबुजीत किती लवकर येतं ते ऐका. सहा महिने बेडपॅन उचलणारी, औषधांच्या वेळा सांभाळणारी बाई मागं उभी असते आणि एका पक्ष्याच्या गैरहजेरीत तिच्यावर खटला चालतो. मुलावर तो सहसा चालत नाही. दुसरं त्याहून चलाख आहे. बहिणी माहेरी आल्या आहेत, रडून डोळे सुजले आहेत, कावळा येत नाही, आणि कुणीतरी चुलता म्हणतो, "आक्का, भावाच्या वाट्यात मी पडणार न्हाई म्हण, आण्णांचा जीव त्यातच आडकलाय." पन्नास माणसांपुढं, बापाच्या राखेपुढं, कोणती बहीण नाही म्हणेल? महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला 1994 मध्ये, केंद्राच्या कायद्यात तो आला 2005 मध्ये, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, 2005 ला वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. एवढं सगळं घाटावरच्या एका वाक्यात वाहून जातं. पुढं साडीचोळी होते आणि सही होते. ज्या दाबामुळं थोरल्याच्या तोंडून चांगलं वचन निघतं, त्याच दाबामुळं बहिणीच्या तोंडून हक्क निघून जातो. विधी उपयोगी आहे म्हणणाऱ्यांना, म्हणजे मलाही, याचं उत्तर द्यावं लागेल. दाब चांगला की वाईट हे बोलणाऱ्याच्या हातात किती ताकद आहे त्यावर ठरतं. सगळ्यात जास्त देऊ शकणाऱ्यानं वचन दिलं तर ती जबाबदारी असते, आणि सगळ्यात कमी असणारीकडून ते काढून घेतलं तर ती सरळ वसुली.

या नदीनं असा वाद आधी पाहिलेला आहे. 1899 मध्ये कार्तिकस्नानाला पंचगंगेवर गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदांतले नव्हे तर पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र होते. तेव्हाही कुणी शहाणा म्हणू शकला असता की मंत्र वेदातला असो की पुराणातला, पाण्याला काय फरक पडतो? बरोबरच होतं ते. पण महाराजांनी ओळखलं की भांडण मंत्राच्या परिणामाचं नव्हतं, मंत्राआडून कुणाला खाली बसवलं जातंय याचं होतं. त्यांनी स्नान बंद केलं नाही. राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, वतन काढून घेतलं, आणि पुढं 1913 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक शाळा निघाली ती पुरोहिताशिवाय विधी करायला शिकवण्यासाठी. लग्नं झाली, अंत्यविधी झाले. मधला माणूस तेवढा उठवला गेला. जोतीरावांच्या परंपरेतल्या लोकांनी दुःखी माणसाच्या हातातलं काढून घेतलं नाही, हे आजच्या सत्यशोधकांनी विसरू नये.

अगदी ताजं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं ठराव केला: पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हेरवाडनं स्वर्ग-नरकावर परिसंवाद भरवला नव्हता, किंवा अंत्यविधीच सोडा असंही म्हटलं नव्हतं. विधीतली कोणती कृती कुणाला चिरडते, ते बोट ठेवून सांगितलं आणि तेवढी कापली. ठरावानंतर सगळीकडं सगळं बदललं असा माझा दावा नाही. पण ज्या प्रथेला हात लावायला भले भले कचरत होते, ती एका गावानं एका सभेत वादात आणली, हे खरं.

तेव्हा या पितृपक्षात कावळ्याचा मेंदू आणि पिंपळाचं बी दोन्ही बाजूला ठेवू आणि दोन गोष्टी गावोगावच्या ग्रामसभांत मांडू. घाटावर वचन द्यायचंच असेल तर घरातल्या कर्त्या पुरुषांनी द्यावं, आणि तेही स्वतः काय करणार याचं; दुसऱ्यानं काय सोडावं याचं नाही. आणि ज्या बाईनं आजारपण काढलं तिला कावळ्याआधी चारचौघांत पुढं बोलवावं, पहिला नमस्कार तिचा. 'हे विधीत लिहिलेलं नाही' असा आक्षेप येईल, त्यांना दर्भाच्या कावळ्याची आठवण करून द्यावी. आणि वाटणीबद्दल कुणी तोंड उघडलंच, तर बहिणीनं एवढंच म्हणावं, की त्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय आहे, तिथं मी माझा वकील घेऊन येते, आज मला वडिलांसाठी रडू द्या.